माफीतला 'असंल तर'

आमच्याकडं गावात कुणी दांडगाई करायला लागला, दुसऱ्याचा बांध कोरला, कुणाच्या लेकराला चौकात अडवून मारलं, की म्हातारी माणसं अजून म्हणतात, "लई रझाकारी लावलीय त्यानं." हा शब्द वापरणाऱ्या निम्म्या लोकांना आता रझाकार म्हणजे नेमकं कोण हे सांगता येणार नाही, पण त्यातला राग बरोबर पोचतो. १९४८ ला पाऊणशे वर्षं होऊन गेली, निजामाचं राज्य गेलं, रझाकारांचा म्होरक्या, लातूरला वकिली करणारा कासिम रझवी १९५७ साली जेलमधून सुटून पाकिस्तानात गेला आणि तिकडंच कराचीत वारला. शब्द मात्र इथंच राहिला, आमच्या बोलण्यात.

म्हणून जुलै २०२४ मध्ये ढाक्याच्या बातम्या बघताना मी एकदम थांबलो. विद्यापीठातली पोरंपोरी रात्रीची हॉस्टेलमधून बाहेर पडून रस्त्यावर ओरडत होती, "तुमी के, आमी के? रझाकार, रझाकार!" म्हणजे तू कोण, मी कोण, तर रझाकार. झालं असं होतं की सरकारी नोकऱ्यांत १९७१ च्या स्वातंत्र्यसैनिकांच्या मुला-नातवंडांना ३० टक्के कोटा होता, पोरं त्याच्या विरोधात उतरली होती, आणि पंतप्रधान शेख हसीना पत्रकारांसमोर बोलून गेल्या की कोटा मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना नाही द्यायचा तर काय रझाकारांच्या नातवंडांना द्यायचा का. बांगलादेशात यापेक्षा मोठी शिवी नाही. पोरांनी ती शिवी उचलून स्वतःच्या अंगावर घेतली आणि पुढच्या तीन आठवड्यांत, ५ ऑगस्टला, हसीनांना देश सोडून जावं लागलं.

एकच शब्द, आणि दोन जागी वेगवेगळ्या वर्षी तेच काम केलेला. मूळ अर्थ नुसता स्वयंसेवक. आमच्याकडं निजामाचं राज्य टिकवायला, तिकडं १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी फौजेच्या मदतीला उभ्या केलेल्या टोळ्यांना हेच नाव होतं. आणि दोन्हीकडं मागं भाषेचं भांडण होतं हे लोक विसरतात. हैदराबाद संस्थानातली बहुतेक जनता तेलुगू, मराठी नाहीतर कन्नड बोलणारी आणि कोर्टकचेरी, दरबार, वरचं शिक्षण सगळं उर्दूत. अजूनही मराठवाड्यात जुना कागद काढायचा म्हणलं की मोडी आणि उर्दू वाचणारा माणूस शोधत फिरावं लागतं, कुणबी नोंदींच्या वेळी आपण सगळ्यांनी ते बघितलंच. तिकडं मार्च १९४८ मध्ये जिन्ना ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर सांगून गेले की पाकिस्तानची राज्यभाषा उर्दूच असेल, दुसरी कुठली नाही. चार वर्षांनी २१ फेब्रुवारीला ढाक्यात बंगालीसाठी पोरांनी गोळ्या खाल्ल्या, तोच दिवस आता सगळं जग मातृभाषा दिन म्हणून पाळतं. उर्दूवर माझा काही राग नाही, गोड भाषा आहे, आमच्या बोलण्यात ती मुरलेली आहे. पण सरकारनं डोक्यावर बसवलेली कुठलीही भाषा लोकांना सासुरवासासारखीच वाटते.

तर मला बोलायचंय ते पाकिस्तान आणि बांगलादेशमधल्या त्या रागाबद्दल, जो पन्नास वर्षं उलटून गेली तरी जात नाही. आपल्याकडं १९७१ म्हणलं की आपल्याला फक्त आपला विजय आठवतो, त्याच रेसकोर्स मैदानावर १६ डिसेंबरला जनरल नियाझी जनरल अरोरांसमोर सही करतानाचा फोटो, ९३ हजार युद्धकैदी, बास. अभिमान वाटणं साहजिक आहे, मलाही वाटतो. पण ती लढाई मुळात दोन भावांच्या वाटणीची होती आणि त्या घरात काय झालं हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

थोडक्यात सांगतो. पूर्वेकडं निम्म्याहून जास्त लोकसंख्या, ताग विकून परदेशी चलन आणणारा तोच भाग, आणि फौज, मोठ्या हुद्द्याच्या नोकऱ्या, खर्चाचा पैसा सगळा पश्चिमेकडं. अनुशेष हा शब्द मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, तिकडचा अनुशेष तर हजार मैलांवरून ठरत होता. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळात लाखो माणसं बुडून मेली आणि सरकारची मदत वेळेवर आली नाही. महिनाभरातच निवडणूक, तिच्यात मुजीबुर रहमानांच्या अवामी लीगनं पूर्वेतल्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या, म्हणजे अख्ख्या पाकिस्तानात स्पष्ट बहुमत. सत्ता द्यायच्या ऐवजी २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात फौज सोडली, विद्यापीठाच्या हॉस्टेलांवर गोळीबार झाला. नऊ महिने हे चाललं. १ कोटी माणसं भारतात आली. बायकांवर जे अत्याचार झाले त्याचे आकडे लाखांत सांगतात, आणि त्या बायकांना नव्या सरकारनं 'बीरांगोना' असा मानाचा शब्द दिला तरी कितीतरी घरांनी त्यांना परत घेतलं नाही, ही दुसरी जखम.

मेले किती यावर अजून भांडण आहे. बांगलादेश सरकार ३० लाख म्हणतं, बरेच अभ्यासक ३ ते ५ लाखांच्या आसपास येतात, आणि पाकिस्तानच्याच हमूदुर रहमान आयोगानं फौजेच्या कागदांवरून २६ हजार म्हणलं. आकडा महत्त्वाचा आहे, नीट मोजायलाच पाहिजे, कारण मेलेल्या माणसाला निदान मोजणीत तरी जागा मिळाली पाहिजे. पण ३० लाख सिद्ध होत नाहीत म्हणून सगळीच गोष्ट बनावट, असं जे तिकडचे काही लोक म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. कुणाच्या घरात चार माणसं मारली गेली आणि रडताना त्यानं दहा सांगितली, तर चार माणसं मारणारा सुटतो का?

आता त्या 'असंल तर'वर येतो, कारण माझ्या मते सगळी गाठ तिथंच बसलेली आहे.

पाकिस्तानचं म्हणणं असं की आम्ही हा विषय कधीच मिटवलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री इशाक दार ढाक्याला आले, तेरा वर्षांनी तिथं आलेले पाकिस्तानचे पहिले परराष्ट्रमंत्री, आणि ते पत्रकारांना म्हणाले की हा प्रश्न दोनदा सुटलेला आहे, एकदा १९७४ ला आणि एकदा मुशर्रफ आले तेव्हा. बांगलादेशचे परराष्ट्र सल्लागार तौहिद हुसेन यांनी लगेच सांगून टाकलं की आम्हाला हे मान्य नाही. मग दोनदा काय झालं होतं ते बघू. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश तिघांचा करार झाला, ज्या १९५ फौजी अधिकाऱ्यांवर बांगलादेशला खटले भरायचे होते ते सोडून द्यायचं ठरलं, आणि त्या करारात पाकिस्ताननं शब्द काय वापरले, तर जे काही गुन्हे झाले असतील त्यांचा निषेध आणि खेद. झाले असतील! पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान भुट्टोंनी बांगलादेशच्या लोकांना आवाहन केलं की झालेल्या चुका माफ करा आणि विसरून जा. २००२ मध्ये पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ ढाक्याजवळ सावरच्या शहीद स्मारकावर गेले, तिथल्या वहीत त्यांनी १९७१ मधल्या अतिरेकाबद्दल खेद लिहिला. खेद म्हणायचं, पण आम्ही मारलं असं कुठंच म्हणायचं नाही.

ज्यानं गावातली भांडणं बघितलीत त्याला हे वाक्य लगेच ओळखू येतं. बांधावरून भाऊभाऊ भांडतात, एकाचं डोकं फुटतं, मग चार माणसं बसवून मिटवामिटवी होते आणि ज्यानं काठी घातली तो खाली मान घालून म्हणतो, "काही चुकलं असंल तर माफी मागतो." बैठकीतली माणसं खूष, चला मिटलं, चहा सांगा. आणि ज्याचं डोकं फुटलंय तो पुढची वीस वर्षं त्याच्या दारावरून जात नाही, लग्नाची पत्रिका घेत नाही, मयतीला लांब उभा राहतो. लोक त्याला म्हणतात हा किती आकस धरतो. अरे पण त्याला कुणी सांगितलंच नाही ना की चुकलं होतं, त्याला फक्त 'असंल तर' मिळालं. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला मिटलं का नाही हे विचारायची पद्धतच नाही आपल्याकडं, ते ठरवतो काठी घातलेला आणि ज्यांना चहाची घाई झालेली असते ते.

१९७४ च्या कराराबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्यावर बांगलादेशनं पण सही केली होती, मुजीबनी पण लोकांना मागचं विसरून नवी सुरुवात करायला सांगितलं होतं. पण तेव्हाची परिस्थिती बघा, लाखो बंगाली माणसं पाकिस्तानात अडकून पडलेली, ती परत आणायची होती, देश उपाशी होता, पाकिस्तानची मान्यता फेब्रुवारी १९७४ मध्ये कुठं मिळालेली. हातात पत्ते नसताना केलेली सही होती ती. कागदावर सही होते तेव्हा सरकारचं भांडण मिटतं, आणि त्या सहीच्या वेळी २५ मार्चच्या रात्री गेलेल्या पोरांच्या आयांना कुणी बोलावलं नव्हतं.

पाकिस्तानला खरं माहीत नव्हतं असंही नाही. हमूदुर रहमान आयोग त्यांनीच नेमला, अध्यक्ष त्यांचेच सरन्यायाधीश आणि ते स्वतः मूळचे बंगाली. फौजेचा २६ हजारांचा आकडा मान्य करूनसुद्धा त्या आयोगानं जबाबदार जनरल लोकांवर खटले चालवा म्हणून शिफारस केली. अहवाल कपाटात गेला, २००० साली त्याचा भाग भारतातल्या एका मासिकात फुटला तेव्हा जगाला कळलं, आणि खटला आजपर्यंत एकावरही नाही. उलट १९७१ च्या गुन्ह्यांसाठी बांगलादेशनं डिसेंबर २०१३ मध्ये जमात-ए-इस्लामीच्या अब्दुल कादर मोल्लाला फाशी दिली तेव्हा पाकिस्तानच्या संसदेनं त्याच्या बाजूनं ठराव केला. हे बघितल्यावर ढाक्यातल्या माणसानं 'मिटलं' म्हणायचं तरी कसं?

पाकिस्तानात खरं बोलणारी माणसं होती आणि आहेत, हे मुद्दाम सांगतो कारण राग धरला की आपण अख्खा देश एका काठीनं हाकतो. कराचीतला पत्रकार अँथनी मस्कारेन्हास, त्याला फौजेनंच पूर्वेत फिरवायला नेलं होतं, सगळं आलबेल आहे असं त्यानं लिहावं म्हणून. त्यानं आधी बायकापोरं लंडनला काढून दिली आणि मग १३ जून १९७१ च्या संडे टाइम्समध्ये जे बघितलं ते सगळं छापलं. मला त्याच्यासोबत कायम शोएबुल्ला खान आठवतो. हैदराबादेत 'इमरोज' नावाचा उर्दू पेपर चालवायचा, संस्थानानं भारतात यावं म्हणून लिहायचा, ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला रस्त्यात गाठून मारलं आणि त्याचा हात तोडला. १७ सप्टेंबरच्या आमच्या भाषणांत त्याचं नाव क्वचित येतं, आलं पाहिजे.

माझे काही मित्र म्हणतात, जुनं उकरून काय मिळणार, व्यापार करा, पोरं शिकू द्या, राग आपोआप विरतो. व्यापाराला माझा विरोध नाही, उलट वैजापूर-लासूरच्या कांदेवाल्या शेतकऱ्याला विचारा, बांगलादेशची बॉर्डर बंद झाली की त्याच्या कांद्याचं काय होतं, शेजाऱ्याशी दार उघडं असणं म्हणजे काय हे त्याला चांगलं कळतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कराचीहून चितगावला थेट मालाचं जहाज गेलं, कित्येक वर्षांनी, चांगलंच झालं. पण पुढच्याच एप्रिलमध्ये दोन्ही देशांचे अधिकारी ढाक्यात बसले तेव्हा बांगलादेशनं पहिल्या बैठकीतच काय काढलं, तर माफी, वाटणीचे ४.५२ अब्ज डॉलर आणि बांगलादेशात अडकलेल्या उर्दू बोलणाऱ्या माणसांना परत घेणं. त्या पैशात १९७० च्या वादळग्रस्तांसाठी परदेशातून आलेली आणि पश्चिमेकडंच राहिलेली मदतसुद्धा धरली आहे. आणि हे हसीनांचं सरकार नव्हतं बरं का, हसीना गेल्यावरचं, पाकिस्तानशी जमवून घेऊ म्हणणारं सरकार होतं. व्यापारानं राग विरत असता तर त्यांनी ही यादी टेबलावर ठेवलीच नसती.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त टोचते, कारण इथं दुखावलेल्या माणसाचाच दोष सांगायचा आहे.

शेख हसीनांनी १९७१ चं दुःख पक्षाच्या तिजोरीत नेऊन ठेवलं. जो विरोधात बोलेल तो रझाकार. कोट्याबद्दल बोलला, रझाकार. खटले चालवले ते चालवायलाच पाहिजे होते, पण ते अशा पद्धतीनं चालवले की जगभरातून त्यांच्या न्यायावर शंका आल्या. एका शब्दाला इतका वापरला, इतका वापरला की शेवटी ज्यांच्या आज्यापणज्यांनी खरंच रझाकारांचा मार खाल्ला असेल ती पोरंसुद्धा रस्त्यावर "हो आम्ही रझाकार" म्हणाली. हे ऐकून कुणा म्हाताऱ्या बीरांगोनाला काय वाटलं असेल. दुःखाचं भांडवल केलं की दुःखाची किंमत उतरते आणि त्याचा खरा फायदा ज्यानं मारलं त्याला होतो, कारण मग तो म्हणू शकतो की बघा, हे सगळं राजकारणच होतं.

आणि ते बिहारी. फाळणीनंतर बिहारमधून पूर्व पाकिस्तानात गेलेले उर्दू बोलणारे मुसलमान. त्यातल्या बऱ्याच जणांनी फौजेची बाजू घेतली, काहींनी मारलं पण. पण मार्च १९७१ मध्ये आणि डिसेंबरनंतर बंगाली जमावांनी त्यांनाही बायकालेकरांसकट मारलं, ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांनाही. उरलेले कॅम्पात गेले. ढाक्याच्या मोहम्मदपूरमध्ये जिनिव्हा कॅम्प अजून आहे, बोळातल्या एकेका खोलीत अख्खं खटलं राहतं. पाकिस्ताननं काही नेले आणि मग दार लावून घेतलं. बांगलादेशच्या हायकोर्टानं २००८ मध्ये निकाल दिला की हे आमचे नागरिक आहेत, म्हणजे छत्तीस वर्षं ते कुणाचेच नव्हते. बांगलादेश पाकिस्तानकडं माफी मागतो ते शंभर टक्के बरोबर आहे. पण बिहाऱ्यांबद्दल स्वतः एक वाक्य बोलला असता तर त्याची मागणी मला दुप्पट वजनाची वाटली असती.

हे मी बोलायला लागलो की लोक विचारतात तुला काय अधिकार. म्हणून आमचंच सांगतो.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८, पोलीस ॲक्शन. रझाकारांनी गावं जाळली होती, आमच्या लातूर-धाराशिव भागातली कितीतरी माणसं बायकालेकरं घेऊन बार्शी-सोलापूरकडं पळाली होती, माझी आजी तेव्हा नवी नवरी, ती आणि तिची जाऊ रात्री ज्वारीत लपून बसायच्या. भारताची फौज आली आणि सुटका झाली, १७ सप्टेंबरला झेंडा लावताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. पण ॲक्शननंतरच्या दिवसांत जे झालं त्याच्यावर नेहरूंनीच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली, आणि तिचा अंदाज होता की किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, बहुतेक मुसलमान, सगळ्यात वाईट झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड. तो अहवालसुद्धा कितीतरी वर्षं कपाटातच होता. त्यांचं कपाट इस्लामाबादेत, आपलं दिल्लीत.

आमच्या गावात ही गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नसे. २००९ च्या उन्हाळ्यात हैदराबादहून एक जीप आली, त्यातून सत्तरीला टेकलेला एक माणूस उतरला, सोबत त्याचा चाळिशीचा मुलगा. सहा वर्षांचा असताना आईचं बोट धरून तो आमच्या गावातून गेला होता. त्याला काही मागायचं नव्हतं, फक्त घराची जागा बघायची होती. तिथं आता आमच्याच भावकीतल्या एकाचा गोठा आहे. पारावरची माणसं त्याच्याशी चांगलीच बोलली, चहा विचारला, आणि म्हणली, चाचा, जुनं झालं ते, वाईट काळ होता, दोन्हीकडून झालं, सोडून द्या आता. तो हो हो करत होता, चहा घेतला नाही.

आमच्या ओसरीसमोरून परत चालला तेव्हा आजीनं कोण आलंय विचारलं आणि नाव ऐकून त्याला हाक मारली. आजीला तेव्हा नीट दिसत नव्हतं. तिनं त्याला जवळ बसवलं आणि काही प्रस्तावना न करता म्हणाली, "तुमच्या बापाला त्या थोरल्या हिरीपशी मारलं. गावातल्याच माणसांनी मारलं. त्यो रझाकार नव्हता, आमाला ठाव हुतं. आमी दार लावून बसलो." कुणी मारलं त्यांची नावं पण तिनं घेतली, त्यातलं एक आमच्याच घरातलं होतं. माझे चुलते मध्ये बोलायला लागले तर तिनं हातानंच थांबवलं.

तो माणूस बराच वेळ गप्प बसला. मग पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं जीपपाशी उभ्या असलेल्या मुलाला बोलावून घेतलं, आजीच्या पायापाशी खाली बसवलं आणि तिला म्हणाला, "अम्मा, पुन्हा एकदा सांगा, ह्याला ऐकू दे."